शेतात ड्रोन-सेन्सर घेण्याआधी वहीत काय मांडायचं: माळव्याच्या काळ्या मातीतला हिशेब

आमची शेती इंदूर जिल्ह्यात देपालपूरकडे, चाळीस बिघे, सगळी काळी माती, खरिपात सोयाबीन आणि रब्बीत गहू-हरभरा, थोडा लसूण. शेत काका बघतात. मी इंदूरात लोकमान्य नगरला राहते आणि घरचा सगळा हिशेब माझ्याकडे, कारण माझं रोजचं कामच खातेवह्यांचं आहे. मागच्या चार-पाच वर्षांत असा एक सीझन गेला नाही की कोणी काही विकायला आलं नाही, कधी ड्रोन, कधी मातीत पुरायचा सेन्सर, कधी मोबाईलवर शेताचा रंगीत नकाशा दाखवणारं अ‍ॅप, कधी ट्रॅक्टरला लावायचं जीपीएस. काका फोन करतात, "पोरी, घ्यायचं का गं हे?" आणि सुरुवातीला मला नीट उत्तर देता यायचं नाही. विकणारा सांगतो पाणी तीस टक्के वाचेल, खत वीस टक्के वाचेल, पण ते कुणाच्या शेतात, कुठल्या मातीत, आणि वाचलेल्या पाण्याचे माझ्या खात्यात रुपये किती जमा होणार हे तो सांगत नाही. मग एकदा आम्ही घाईत एक वस्तू घेतली, ती चालली नाही (पुढे सांगते), आणि त्यानंतर मी वहीत मांडायची एक पद्धत बसवली. तीच इथे लिहितेय.

एक सांगून ठेवते, खाली उदाहरणांत जे भाव धरलेत ते हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत, तुम्ही तिथे तुमच्या गावातले, तुमच्या कोटेशनवरचे आकडे टाका. आणि आमच्याकडे चार बिघे म्हणजे एक हेक्टर धरतात, म्हणजे एक बिघा साधारण ०.६२ एकर. महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांनी तेवढं बदलून घ्या.

पहिला प्रश्न किमतीचा नाहीच

वहीच्या पहिल्या पानावर यंत्राचं नाव लिहा आणि खाली लिहा की हे आल्यावर माझा कुठला निर्णय बदलेल. पाणी कधी द्यायचं हा निर्णय? खत किती टाकायचं हा? फवारणी आज की चार दिवसांनी? शेजारी लिहा की हा निर्णय आज मी कसा घेतो, वर्षातून किती वेळा घेतो, आणि तो चुकला तर साधारण किती रुपयांचा फटका बसतो. हे लिहिताना जीव जातो अक्षरशः, काकांना आणि मला एका सेन्सरसाठी अख्खी संध्याकाळ लागली होती, पण निम्म्या वस्तू इथेच गळून पडतात. हवामान केंद्राचंच बघा, शेतात उभं राहणारं, पाऊस, वारा, आर्द्रता सगळं मोजणारं. काकांना विचारलं की आर्द्रता ८५ आहे हे कळलं तर तुम्ही काय वेगळं कराल, तर त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की गव्हात काहीच नाही. द्राक्षवाल्याचं तसं नसतं, त्याच्यासाठी तो आकडा म्हणजे डाऊनीची (द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाची) आज फवारणी करायची की नाही याचं उत्तर आहे, त्याला ते केंद्र एका सीझनमध्ये परवडू शकतं. आम्हाला पावसाचं साधं मोजपात्र पुरतं, कारण सोयाबीन पेरायला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाला का एवढंच आम्हाला बघायचं असतं आणि ते पात्र काही शे रुपयांत येतं.

शेत एकसारखं आहे का ते आधी बघा

ही सगळी टेक्नॉलॉजी उभी आहे ती एका गोष्टीवर, की शेतात इथे वेगळं आणि तिथे वेगळं आहे. तुमचं शेत जर इकडून तिकडे एकसारखं असेल तर जागेप्रमाणे खत बदलणाऱ्या यंत्राला बदलायला काही मिळणारच नाही, तुम्ही फुकटचे पैसे घालाल. त्यामुळे फरक आहे का, असेल तर किती, हे आधी जवळजवळ फुकटात बघून घ्यायचं.

एक तर काकांसारख्या माणसाबरोबर शेतात फिरा. तीस वर्षं ते शेत कसणाऱ्याला माहीत असतं की नाल्याकडचा तुकडा पिवळा पडतो आणि आंब्याखालची माती हलकी आहे. आम्ही कागदावर शेताचा आकार काढला आणि त्यांनी पेन्सिलीनं चार जागा गोल केल्या.

दुसरं म्हणजे युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं, ही कोणालाही फुकट बघता येतात, कोपर्निकसच्या वेबसाईटवर. त्यात एक ठिपका १० बाय १० मीटरचा आणि साधारण ५ दिवसांनी नवं चित्र. म्हणजे आमच्या एका बिघ्यात २५ ठिपके, त्यातले बांधाजवळचे सोडून द्यायचे कारण त्यात रस्ता आणि झाडं मिसळतात. पण एक गोष्ट नीट ऐका जी अ‍ॅप विकणारे बोलत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये माळव्यावर ढग असतात आणि हे उपग्रह ढगाखालचं बघू शकत नाहीत, म्हणजे सोयाबीनला जेव्हा नजर ठेवायची गरज असते नेमकं तेव्हाच आठवडेच्या आठवडे चित्र मिळत नाही. गव्हात मात्र जानेवारी-फेब्रुवारीत आकाश स्वच्छ, चित्र छान मिळतात. तेव्हा वर्षाचं सबस्क्रिप्शन विकत घेताना विचारा की पैसे किती महिन्यांचे आणि कामाची चित्रं किती महिन्यांची.

आम्ही दोन रब्बी सीझनची चित्रं काकांच्या पेन्सिलच्या गोलांवर ठेवून पाहिली. चारपैकी तीन गोल जुळले. पाचवा एक डाग असा निघाला जो काकांना माहीत नव्हता, पश्चिमेच्या कोपऱ्यात, तिथे गहू दोन्ही वर्षं विरळ. खणून पाहिलं तर खाली मुरमाचा थर होता, माती जेमतेम वीतभर. या एका शोधाचे आम्हाला शून्य रुपये लागले आणि त्या कोपऱ्यातलं जास्तीचं खत आम्ही बंद केलं.

मग फरक रुपयांत किती हे काढायला कापणीच्या आधी चांगल्या जागी आणि वाईट जागी ५ मीटर बाय ५ मीटरचे चौकोन आखा, दोरी आणि चार खुंट्या, पीकविम्याच्या पीककापणी प्रयोगासारखं. वेगळं कापा, वेगळं मळा, वजन करा. पाव हेक्टरचा बिघा धरणाऱ्यांसाठी यात फार सोपं गणित आहे, २५ चौरस मीटर म्हणजे बिघ्याचा शंभरावा हिस्सा, त्यामुळे चौकोनात जितके किलो निघतील तितके क्विंटल बिघ्याला. चौकोनात ११ किलो गहू निघाला तर बिघ्याला ११ क्विंटल. प्रत्येक प्रकारच्या जागेत किमान तीन चौकोन घ्या, एकावर विसंबू नका.

चार कोटे

आता खरा हिशेब. अख्ख्या शेतीचा ताळेबंद मांडायची गरज नाही, फक्त जे बदलणार तेवढंच मांडायचं. पानावर उभी-आडवी रेघ मारून चार कोटे करा. डावीकडे वर, जास्तीचं उत्पन्न. डावीकडे खाली, वाचणारा खर्च. उजवीकडे वर, नवा खर्च. उजवीकडे खाली, जे उत्पन्न जाणार. डाव्या बेरजेतून उजवी बेरीज वजा. हा शेवटचा चौथा कोटा लोक रिकामा ठेवतात, पण लेझर लेव्हलिंगमध्ये (लेझरच्या मदतीनं शेत सपाट करताना) वरची माती सरकते आणि जिथून ती काढली तिथे पहिल्या वर्षी पीक मार खाऊ शकतं, ते तिथे लिहायला पाहिजे.

नव्या खर्चात यंत्राची किंमत एकदम लिहायची नाही. किमतीतून शेवटी विकून येणारे पैसे वजा करा, जितकी वर्षं चालेल त्यानं भागा, ही वर्षाची घट. मग सरासरी अडकलेल्या रकमेवर व्याज, कर्ज नसलं तरी धरा कारण तेच पैसे एफडीत असते तर काहीतरी देत होते. मग सबस्क्रिप्शन, सिमचा रिचार्ज, बॅटरी, दुरुस्ती, आणि माणसाचा वेळ. इलेक्ट्रॉनिक वस्तूचं आयुष्य विकणारा सात वर्षं सांगेल, तुम्ही तीन किंवा चार धरा, शेतात ऊन-पाऊस-उंदीर सगळं असतं.

आता आमच्या सेन्सरचं सांगते. गव्हात काका पाच पाणी द्यायचे, सेन्सरवाल्याचं म्हणणं चारात भागेल. आपण मानू की भागेल. २४ बिघे गव्हाचं एक पाणी वाचलं. पहिल्यांदा मी वाचलेल्या खर्चात विजेचं बिल लिहायला गेले आणि थांबले, कारण आमच्या पंपाचं बिल एचपीवर ठरलेलं आहे, मोटर चार तास चालो की आठ, बिल तेवढंच. म्हणजे पाणी वाचून बिलात एक रुपया वाचत नाही! मग पाण्याची किंमत आहे कशात? ती आहे आमच्या ट्यूबवेलमध्ये, जो फेब्रुवारीत दम टाकतो. "डग डग रोटी, पग पग नीर" असं माळव्याबद्दल म्हणायचे, ते नीर आता खूप खाली गेलंय आणि ते बघून खरंच वाईट वाटतं. तर २४ बिघ्यांचं एक पाणी म्हणजे ६ बिघ्यांची चार पाणी, म्हणजे जिथे पाण्याअभावी कोरडवाहू हरभरा करत होतो तिथे ६ बिघे गहू करता येईल. गहू बिघ्याला १० क्विंटल धरला, भाव २०२५-२६ च्या रब्बी खरेदीचा हमीभाव २४२५, झाले २४,२५०. खर्च ११,००० धरला तर उरले १३,२५०. हरभऱ्यात तिथे ८,२५० उरत होते असं धरू. फरक बिघ्याला ५,०००, सहा बिघ्यांचे ३०,०००.

उजवीकडे, तीन सेन्सर आणि त्यांचं गेटवे (सेन्सरचे आकडे मोबाईलपर्यंत पोचवणारा डबा) मिळून ४५,००० धरा, तीन वर्षं आयुष्य, विकून शून्य. घट १५,०००. सबस्क्रिप्शन ६,०००. सरासरी २२,५०० वर १० टक्के व्याज २,२५०. बेरीज २३,२५०. म्हणजे वर्षाला ६,७५० फायदा.

छान दिसतंय ना? आता पुढचं पाऊल, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. विचारा की एक पाणी दरवर्षी वाचेल का. ज्या वर्षी जानेवारीत मावठा (हिवाळी पाऊस) पडतो त्या वर्षी काका सेन्सरशिवायही एक पाणी कमीच देतात. दोन वर्षांतून एकदाच सेन्सरमुळे वाचलं तर सरासरी फायदा १५,०००, खर्च तोच २३,२५०, म्हणजे वर्षाला ८,२५० तोटा. उलटं काढा, २३,२५० भागिले ३०,०००, म्हणजे चारपैकी तीनाहून जास्त वर्षं तो सेन्सर खरा ठरला पाहिजे तरच बरोबरी. ही बरोबरीची रेघ प्रत्येक वस्तूची काढा. मग विकणाऱ्याच्या टक्क्यांवर वाद घालत बसायचं कारण उरत नाही, स्वतःला एवढंच विचारायचं की हे इतक्या वेळा घडेल असं मला वाटतं का.

आमचा सेन्सर तेवढ्या वेळा खरा ठरला नाही, आणि त्याचं कारण काळी माती. ही माती सुकली की आकसते, हात जाईल अशा भेगा पडतात. भेग सेन्सरच्या बाजूनं गेली की तो हवा मोजतो, माती नाही, आणि मोबाईलवर "अतिकोरडं" म्हणून लाल दिवा. काकांनी दोन वेळा उगाच पाणी दिलं त्या लाल दिव्यावर. त्यात एकदा वायर उंदरांनी कुरतडली आणि कंपनीचा माणूस यायला बारा दिवस लागले, गव्हात बारा दिवस म्हणजे एक अख्खं पाणी. पाण्याच्या नळीचं टेन्सिओमीटर (माती पाणी किती ओढून धरते ते मोजणारं) स्वस्त असतं पण तेही ८०-८५ सेंटिबारच्या पुढे मोजू शकत नाही, आणि चिकणमातीत त्याच्या पुढेही पिकाला मिळण्यासारखं पाणी असतं. हलक्या मातीत किंवा ठिबकवरच्या भाजीत, जिथे माती सतत ओलसर राहते, तिथे हेच सेन्सर चांगलं काम करतात. त्यामुळे विकत घेण्याआधी एकच अट घाला, माझ्यासारख्या मातीत दोन सीझन चाललेलं शेत दाखवा, मी स्वतः त्या शेतकऱ्याशी बोलेन.

सध्या काका गिरमिटानं एक फुटाखालची माती काढतात, मुठीत दाबून लाडू करतात. लाडू वळला आणि टाकल्यावर फुटला नाही तर पाणी थांबवायचं, वळायच्या आधीच भुरभुरला तर द्यायचं. तारीख वहीत. पुढच्या वेळी कोणी सेन्सर आणेल तेव्हा तुलना या लाडवाशी करायची, काहीच न बघता पाणी देण्याशी नाही. विकणारे नेहमी तुलना अडाणीपणाशी करतात, आपण आपल्या हातात असलेल्या सगळ्यात चांगल्या स्वस्त पद्धतीशी करायची.

स्वस्त प्रिसिजन (नेमकं मापून शेती) आधी संपवा

माझं ठाम मत आहे की ज्याच्या पेरणीयंत्राचं माप लावलेलं नाही त्यानं ड्रोनचं कोटेशनसुद्धा मागवू नये. सोयाबीनचं बियाणं हेक्टरी ६५-७० किलोच्या आसपास पुरतं, दाणा मोठा असेल तर थोडं जास्त, आणि आमच्याकडे सर्रास १०० किलो टाकतात. आमचंही तेच होतं. हेक्टरी ३० किलो जास्त, १० हेक्टरवर ३०० किलो, ९० रुपयांनी २७,००० रुपये मातीत, वर पीक दाट होऊन लोळतं ते वेगळं.

माप लावायला तासभर लागतो. यंत्र जॅकवर उचला. समजा ५ फण आहेत, दोन फणांत ४५ सेंटिमीटर, म्हणजे रुंदी २.२५ मीटर. चाकाचा घेर दोरीनं मोजा, समजा १.५ मीटर. एका फेरीत जमीन झाली ३.३७५ चौरस मीटर, वीस फेऱ्यांत ६७.५. हेक्टरी ७० किलोच्या हिशेबानं वीस फेऱ्यांत सगळ्या नळ्यांखाली मिळून ४७० ग्रॅमच्या आसपास बी पडलं पाहिजे. प्रत्येक नळीखाली पिशवी बांधा, चाक हातानं वीस वेळा फिरवा, वजन करा, जास्त आलं तर खटका मागे. प्रत्येक पिशवीचं वेगळं वजनही बघा, आमच्या एका नळीतून बाकीच्यांच्या दीडपट पडत होतं. त्याआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण पाहायची, सत्तरच्या खाली असेल तर त्या प्रमाणात बी वाढवायचं.

माती परीक्षणाचंही असंच. सॉइल हेल्थ कार्ड योजना २०१५ मध्ये सुरू झाली, कार्डावर १२ गोष्टी असतात, पण नमुना बागायतीत २.५ हेक्टरच्या आणि कोरडवाहूत १० हेक्टरच्या ग्रिडमधून घेण्याची पद्धत ठरली होती. म्हणजे तुमच्या कार्डावरचा आकडा शेजाऱ्याच्या मातीचा असू शकतो. त्यामुळे उपग्रहाच्या चित्रावर जे डाग वेगळे दिसले त्यांचे नमुने वेगळे काढा, प्रत्येक डागात ८-१० जागी व्ही आकाराचा १५ सेंटिमीटर खड्डा, त्याच्या भिंतीची माती, सगळी मिसळून चार-चार भाग करत अर्धा किलो उरवा. कुठे द्यायचं, काय टाकायचं यासाठी इंदूरवाल्यांना कस्तुरबाग्रामचं कृषी विज्ञान केंद्र आहे आणि सोयाबीनसाठी खंडवा रोडची सोयाबीन संशोधन संस्था, १९८७ पासून इथेच आहे, त्यांचे सल्ले मराठवाडा-विदर्भातले लोक वाचतात आणि आपण इथे राहून जात नाही. रुंद वरंब्यावर पेरणारं बीबीएफ यंत्र, जे जास्त पाऊस सरीतून काढून देतं आणि खंड पडला तर ओल धरून ठेवतं, त्याची माहितीही तिथेच नीट मिळते. भाड्यानं आणून पाच बिघ्यांवर करून बघण्यासारखं आहे.

ड्रोन: विकत, भाड्यानं, की कशाला

ड्रोनबद्दल मला सगळ्यात जास्त विचारतात. एकराला ८-१० लिटर पाण्यात काम होतं, पाठीवरच्या पंपाला दीड-दोनशे लिटर वाहावं लागतं, हे खरं आहे.

आधी विकतचं. बॅटऱ्या, चार्जर, जनरेटर धरून ८ लाख माना, चार वर्षांनी १ लाखाला जाईल. घट १,७५,०००. सरासरी साडेचार लाखांवर १० टक्के व्याज ४५,०००. विमा-दुरुस्ती ३५,०००. वर्षाचे २,५५,००० तो नुसता उभा राहिला तरी. उडवायचा खर्च, पायलट, मदतनीस, बॅटरीची झीज, एकरी १७० धरा. भाड्याचा दर एकरी ४५० असेल तर स्वतःच्या ड्रोननं एकरी २८० वाचतात. २,५५,००० भागिले २८०, म्हणजे ९११ एकर फवारणी दरवर्षी केली तर बरोबरी. आमचे २५ एकर, चार फवारण्या, १०० एकर. उत्तर झालं.

अनुदान मिळालं तर? केंद्राच्या यांत्रिकीकरण योजनेत ड्रोनसाठी लहान-सीमांत, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५० टक्के, जास्तीत जास्त ५ लाख, आणि इतरांना ४० टक्के, जास्तीत जास्त ४ लाख असं आहे, घ्यायच्या वर्षीचा नियम तेवढा बघून घ्या. निम्मे पैसे मिळाले असं धरून मी परत हिशेब केला, वर्षाचा खर्च १,३५,००० वर आला, तरी ४८२ एकर लागतात. म्हणजे ड्रोन हा शेतकऱ्यानं शेतासाठी घ्यायचा नाही, दहा गावांत सेवा द्यायचा धंदा करायचा असेल तर घ्यायचा, आणि मग डीजीसीएचं (विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याचं) पायलट प्रमाणपत्र, टाइप सर्टिफिकेट असलेलं, म्हणजे तपासून मान्य झालेलं मॉडेल, हे सगळं आलं. २०२३ च्या नमो ड्रोन दीदी योजनेत बचत गटांना ८० टक्के, ८ लाखांपर्यंत मदत ठेवली होती, तेव्हा तुमच्या भागात कुठल्या गटाकडे ड्रोन आहे का ते आधी शोधा, भाड्याचे पैसे गावातल्याच बायकांकडे जातील.

आता भाड्यानं. मजुरी एकरी ३०० आणि ड्रोन ४५०, जास्तीचे १५०. चार फवारण्यांचे २५ एकराला १५,००० जास्त. फायदा कशात? माणसापेक्षा चांगली फवारणी होते असं मी धरलेलंच नाही. फायदा वेळेत आहे. जुलैच्या शेवटी चार दिवस उघडीप मिळते, चिखलात ट्रॅक्टर जात नाही, मजूर सगळ्यांनाच त्याच चार दिवसांत हवे असतात, आणि तेवढ्यात चक्रभृंग (सोयाबीनचं खोड पोखरणारा भुंगा) नाहीतर अळी १५ बिघे पोखरते. बिघ्याला अर्धा क्विंटल गेला तर साडेसात क्विंटल, ४,५०० नी ३३,७५०. असं तीन वर्षांतून एकदा होतं, म्हणून वर्षाचे ११,२५०. म्हणजे चारही फवारण्या ड्रोननं केल्या तर ३,७५० तोटा, पण फक्त त्या ओल्या दिवसांतल्या दोन फवारण्या केल्या तर जास्तीचा खर्च ७,५००, आणि ३,७५० फायदा. तीच वस्तू, तेच शेत, अर्धी वापरली तर परवडते आणि पूर्ण वापरली तर नाही. म्हणून "ड्रोन परवडतो का" हा प्रश्न अर्धवट आहे, कुठल्या फवारणीला हे विचारलं पाहिजे. तणनाशकाला मात्र वारा बघूनच, शेजारच्या भाजीवर उडालं तर त्याची भरपाई तुमच्या चौथ्या कोट्यात येते.

सोयाबीनचा भाव मी हमीभावानं लावत नाही. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४८९२ होता आणि मंडीत कितीतरी दिवस त्याच्या खाली सौदे झाले. मागच्या तीन वर्षांत इंदूरच्या छावणी मंडीत तुमच्या पट्टीवर जो भाव लागला त्याची सरासरी घ्या.

आणि एक गोष्ट रुपयांत बसत नाही ती मी पानाच्या तळाशी वेगळी लिहिते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली. आमचे सालदार कमरेभर सोयाबीनमध्ये पाठीवर पंप घेऊन चालायचे तेव्हा संध्याकाळी त्यांचे डोळे लाल असायचे. मास्क, हातमोजे दिले तरी दमट उकाड्यात माणूस ते काढून टाकतो. ३,७५० फायदा असो की तोटा, त्या दोन फवारण्या आता ड्रोननंच होतात, काकांनी हे हिशेबाआधीच ठरवलं होतं आणि मला ते पटतं. पण फवारणीची मजुरी ज्यांच्या घरात जायची त्यांचं काय, हेही त्याच ओळीत लिहा. आमच्याकडे तेच सालदार आता पाणी, मिश्रण आणि शेताच्या खुणा सांभाळतात, त्याची मजुरी आम्ही वेगळी धरतो.

अनुदान आणि कोटेशन वाचताना

ठिबकला केंद्राच्या योजनेत लहान-सीमांत शेतकऱ्याला ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के, पण ते सरकारनं ठरवलेल्या युनिट खर्चावर, दुकानदाराच्या बिलावर नाही. त्यामुळे दोन कोटेशन मागवा, एक अनुदानासकट आणि एक अनुदान न घेता रोख. दोन्हींत तुमच्या खिशातून जाणारी रक्कम जवळपास सारखी निघाली तर अनुदान कुणाच्या खिशात गेलं ते कळतं. चार कोट्यांत तुमची खरी रक्कम टाकाच, पण शेजारी अनुदानाशिवायचा हिशेबही करा, कारण तीन वर्षांनी वस्तू बदलताना दुसऱ्यांदा अनुदान मिळेलच असं नाही.

कोटेशनवर लिहून घ्या: दुसऱ्या वर्षीचं सबस्क्रिप्शन किती, ते भरलं नाही तर काय बंद पडतं, माझा डेटा मला एक्सेलमध्ये काढता येईल का, बिघडल्यावर माणूस किती दिवसांत येईल आणि नाही आला तर काय. तोंडी काही नको. आणि शेतात उभं राहून मोबाईलला रेंज आहे का ते बघा, आमच्या नाल्याकडे एकाही कंपनीची येत नाही.

घेतल्यावर परवडलं का हे कसं कळणार

मागच्या वर्षी १० क्विंटल, यंत्र आल्यावर ११, असं म्हणून चालत नाही, पाऊसच वेगळा होता. एकाच वर्षात एकाच शेतात पट्टे पाडा, एक नवीन पद्धतीचा, शेजारी एक जुन्या, असे किमान चार जोड, पट्टा हार्वेस्टरच्या कटरच्या रुंदीच्या पटीत म्हणजे काढायला सोपं. दोन्हीत वाण, तारीख, खत एकच. हार्वेस्टरवाल्याला आधी सांगून ठेवा, तो घाईत असतो, पट्टा संपला की टाकी रिकामी करायला शंभर-दोनशे रुपये जास्त द्यावे लागले तरी द्या. प्रत्येक पट्टा वेगळा तोला आणि क्षेत्रफळानं भागा. चार जोडांपैकी चारही ठिकाणी नवा पट्टा वर असेल तर काहीतरी आहे. दोन वर, दोन खाली असतील तर सरासरी कितीही सुंदर आली तरी मी त्यावर पैसे लावणार नाही, अजून एक सीझन बघेन.

या रब्बीत आमचे पट्टे पश्चिमेच्या मुरमाच्या कोपऱ्यात आहेत. तिथे युरिया निम्मा केलाय, चार जोड, लाल आणि पांढऱ्या खुंट्या. एकूण खर्च आठ खुंट्या आणि एक दोरी. काकांनी तारखा लिहिल्यात, मार्चच्या शेवटी तोलकाट्यावर मी स्वतः उभी राहणार आहे.